विनातिकीट

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की
निवास भोईटे दुकानाच्या पायरीवर हजर.
एस.टी.तून रिटायर, कोरेगाव डेपो,
एकतीस वर्षं कंडक्टर.
हातात रुमाल, नाकाचा शेंडा लाल.

“नसीमा, ती संत्र्याच्या चवीची गोळी दे की.
औंदा सर्दीला गाडीत चढूच द्यायची न्हाई.”

एकतीस वर्षं ती चढतच होती.
रहिमतपूर, सातारारोड, पुसेगावच्या यात्रेची जादा गाडी,
काचा लावलेल्या, मांडीवर खोकणारं कुणाचं पोर,
आणि हा हात
नोट घेणारा, सुट्टे देणारा,
मग नकळत नाकाशी जाणारा.
“समदी पब्लिक पैसं मोजायची,” म्हणतात,
“ही एकटी फुकाट.”

या गोळीवर मला चार पैसे सुटतात.
ते मी आधीच सांगून टाकते,
मग पुढचं बोलायला जीभ मोकळी होते.
म्हटलं, काका, रोज खाल्ली तरी
यायची ती येतेच.
आली तर थोडी लवकर उतरते, फार तर.
“फार तर म्हंजे किती?”

हिशेब त्यांनीच केला.
माझ्याकडून रिकामी खोकी नेली,
पुठ्ठ्याची तिकिटं कापली,
ट्रंकेतला पंच तेल घालून चालू केला.
नाक गळेल त्या दिवशी एक तिकीट, टक.
एक वर्ष गोळी घेऊन,
एक वर्ष नुसतं कोमट पाणी.

मधेच झिंकचीही चघळून बघितली.
“जुनं पाच पैशाचं नाणं जिभंवर ठेवल्यागत लागतंय.”
फोडलेलं पाकीट मी परत घेत नाही.
घेतलं.

परवा दोन गठ्ठे घेऊन आले, रबर लावलेले.
माझ्या काउंटरवर मोजले,
अंगठ्याला थुंकी लावून, दोनदा.
गोळीच्या वर्षात तेवीस.
पाण्याच्या वर्षात चोवीस.

मला हसू आलं. ते हसले नाहीत.
“एका तिकिटावरनं मेमो निघतोय, पोरी.
चेकरला विचार.”

मग त्यांची नात आठवली मला, अनुष्का.
पोलीस भरतीसाठी
पहाटे साडेचारला जरंडेश्वरच्या चढाला पळते,
तोंडातून वाफ, कानाला मफलर.
जीव काढून असं पळणाऱ्यांना
थोडा जास्त फायदा होतो म्हणतात.
एक पट्टी तिच्यासाठी बांधली.
“आणि तुम्हाला?”
“मला नगं. माझं पळून झालंय.”

त्यांनी पैसे दिले. नाणी गरम होती,
मुठीत धरून आणलेली.
गल्ल्यात टाकली आणि
मला शिंक आली. एक. मग दुसरी.

भोईट्यांनी खिशातून पंच काढला,
कोरं पुठ्ठ्याचं तिकीट काउंटरवर ठेवलं,
आणि चष्म्यावरून बघत,
एकतीस वर्षांच्या सवयीनं विचारलं,

“कुठनं बसली?”