कॉलर ट्यून

बिल आलं चारशे बारा रुपयांचं.
मालन म्हणाली, एवढं कुणाशी बोलालाय तुम्ही?
घरात तर तोंड उघडत नाही.

रविवार. उद्यमबाग बंद.
जेवण झाल्यावर बिल फरशीवर पसरलं,
वर्कशॉपात ड्रॉइंग वाचतो तसं,
आणि कानावरची पेन्सिल काढली.

पहिली रेघ रोमिंगवर.
शिनोळीला माल द्यायला जातो आठवड्यातून दोनदा.
बाची ओलांडली न ओलांडली
की पाटीच्या आधी फोनच राज्य बदलतो,
खिशात एकदा थरथरतो:
महाराष्ट्रात आपले स्वागत.
थोरल्या भावानं ह्याच्याचसाठी पाठीवर काठी खाल्ली होती.
मला ते मिळतं मिनिटाला रुपयानं.
उद्यापासून बाचीत फोन बंद.
वाचले साठ.

मग क्रिकेटचा स्कोअर,
जो मी मागितला नव्हता.
त्याच्यावरनं पेन्सिल जरा जोरातच फिरली,
कागद फाटला.

आणि खाली, कोपऱ्यात, अंग चोरून बसलेली ओळ:
कॉलर ट्यून, तीस रुपये.
डब्यातनं मागची बिलं काढली.
प्रत्येकात ती. सव्वीस महिने.
सातशे ऐंशी रुपये
माझ्या फोनात कोण वाजवालंय?

लाव बघू मला, म्हटलं मालनला,
आणि तिचा फोन मी कानाला धरला.
कॉटवर माझा फोन नेहमीसारखा टर्र टर्र,
आणि कानात एक बाई
सावकाश, कन्नडमधून गात होती.

तेव्हा आठवलं.
नाइट शिफ्ट, डोळ्यांत झोप,
फोनमधली मशीनबाई थांबायलाच तयार नाही.
ओंदु ओत्ति, ओंदु ओत्ति.
तिनं गप्प बसावं म्हणून मी एक दाबला होता.

म्हणजे सव्वीस महिने सगळे पाहुणे ऐकत होते.
कोल्हापूरच्या परशरामला विचारलं, बोलला का नाहीस?
म्हणाला, आम्हाला वाटलं
तुझं आता तिकडंच बरं चाललंय.

सोमवारी फोरमन इराप्पाला ऐकवलं.
ग्रीसचे हात पँटला पुसून
त्यानं फोन कानाला धरला तो धरलाच.
जोगुळ आहे, म्हणाला. लेकराला निजवायचं.
आमची अव्वा म्हणायची.
लेथ चालूच होती त्याच्यामागं,
पण तो हलला नाही
गाणं आपलं आपण तुटेपर्यंत.

तरी मी बंद केलं.
तीस म्हणजे तीस.

गडहिंग्लजची बायजामावशी
रोज साडेसातला मिस्ड कॉल देते.
म्हातारी पैसे वाचवते, मला माहीत.
मी लगेच उलटा फोन लावतो.
काय गं? काही नाही रे, सहज.
बिलात अशा एकोणीस ओळी,
त्यांच्यावर मी पेन्सिल टेकवली नव्हती.

शनिवारी फोन वाजला आणि वाजतच राहिला.
उचलला तर स्वतःच्या पैशानं बोलायला लागली:
फोन बिघडला काय रे तुझा?
नुसता टर्र टर्र वाजालाय.
ती बाई कुठं गेली?
कुठली बाई?
गाणारी रे. दिवा लावला की ऐकत होते की मी.
हुक्केरीत लहानपणी भिंतीपलीकडनं
अस्संच ऐकू यायचं.
न उचललेल्या फोनला पैसे पडत नाहीत.
तूच मेल्या मधेच उचलायचास,
नाहीतर मागनं फोन करून डोकं खायचास.

ह्या महिन्याचं बिल दोनशे एकाहत्तर.
मालननं ते देवाजवळ ठेवलं, खुशीत.
गडहिंग्लजची एकच ओळ आहे, तीही चुकून लागलेली.

साडेसात वाजतात. फोन गप्प असतो.
मी उगीच चार्जिंग बघतो.

इराप्पाकडनं त्या गाण्याचा नंबर घेतलाय,
पेन्सिलीनं,
बिलाच्या पाठीमागं.