मधलं तू बघ

साखर पेठेत, वरच्या खोलीत
मी आज्ञा लिहिते: वर्तुळ,
डावीकडून केशरी, उजवीकडे जांभळा,
मधलं तू बघ.
यंत्र बघतं. एका ओळीत
संध्याकाळ होते.

नरसय्यामामा चष्मा पुसतात.
चाळीस वर्षं रंगाच्या हौदात हात,
नखांच्या कडा अजून निळ्या.
"मधला रंग असा फुकट मिळतो होय?
आम्ही लडी मोजून बुडवायचो,
एक जरा आधी वर काढायची,
एक जरा उशिरा."

मी वर्तुळ मोठं करते, आठपट.
आत पट्टे दिसू लागतात,
पायऱ्या, एकेक रंग सुटा.

मामा पुढे वाकतात.
"हां, आता दिसलं सूत."
आणि काचेवर बोट ठेवून मोजतात,
ओठांतल्या ओठांत, तेलुगूत:
ओकटि, रेंडु, मूडु...
मध्येच चुकतात.
पुन्हा केशरीपासून.