उंची नव्वद मीटर

आमच्याकडे डोंगर नाही.
आहे तो खदानीनं उपसलेल्या मातीचा ढीग,
खालचं वर, वरचं खाली करून ठेवलेला.
इंदल म्हणतो, आमच्या आज्याचं वावर यातच आहे कुठंतरी,
बहुतेक तिसऱ्या वळणावर,
जिथं बाभळीचं रोप उगवलं.

त्यावर आम्ही चौघं, पहाटे साडेचारला.
पाठीवर रेतीची थैली, वीस किलो,
बोबडेच्या दुकानातल्या काट्यावर मोजून घेतलेली.
गाठींची नावं पुस्तकातून पाठ केली
पण दोर कासऱ्याचाच.
रंजूच्या बापानं पाहिलं, म्हणाला,
'हे गाठ तं गोऱ्हाही सोडवून जाते बे,'
आणि दुसरी शिकवली.
तीच पुढे टिकली.

मे महिन्यात बर्फाचा सराव:
बाजाराच्या दिवशी शेवंताबाईच्या मासळीच्या पेटीत
कोपरापर्यंत हात, समोर घड्याळ.
बाहेर शेहेचाळीस.
रंजू चार मिनिटं. मी अडीच.
इंदल अकरा, आणि वरून विचारतो,
'मावशी, झिंगे कसे देल्ले?'

मग अवकाळी आला, ढिगाची एक कड सरकली
आणि दुर्योधनचा घोटा गेला.
प्लास्टरवर त्यानं स्वतःच शिखराचं चित्र काढलं,
ते त्रिकोणी कमी, समोशासारखं जास्त.
खदानवाल्यांनी तार ओढली, पाटी लावली.
आम्ही पाण्याच्या टाकीवर गेलो, एकशे चौदा पायऱ्या, तीस फेऱ्या,
तिथं ग्रामपंचायतीनं कुलूप घातलं.
वर्गणीतून बूट मागवले.
खोकं उघडलं तर
दोन्ही डावे.
हसलो. तेव्हा अजून हसता येत होतं.

चंद्रपूरला रक्त तपासलं सगळ्यांचं.
इंदलच्या कागदावर दोनच अक्षरं: ए, एस.
डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या,
इथं काही त्रास नाही, शेती कर, पळ, लग्नाआधी मात्र मुलीचं रक्त तपास.
पण वर हवा विरळ झाली
की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.
इंदल भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होता.
'विळा तं घरीही हाय,' म्हणाला.
बाकी काही नाही.

आणि मी?
खोटं कशाला लिहू.
त्या बाकावर, हातात कापूस दाबून धरलेला असताना
माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की
दोराच्या पुढच्या टोकाला आता मी.
दुःख नंतर आलं.
एसटी भद्रावतीच्या पुढे गेल्यावर.

तीन दिवस तो आला नाही.
त्याच्या घरावरून जाताना आम्ही सायकली हळू केल्या,
घंटी कोणीच वाजवली नाही.
चौथ्या पहाटे तारेखालून सरपटत आत शिरलो
तर ढिगाच्या माथ्यावर बॅटरी हलत होती.
'काहून उशीर केला बे?
रक्त माह्यं वाकते, घड्याळ नाही वाकत.'
तेव्हापासून शिट्टी त्याच्याकडे,
वही त्याच्याकडे,
आमच्या थैल्या बांधायचं कामही त्यानंच घेतलं.
रंजूला तो शिव्या देतो, मला देत नाही.
हे मला बोचतं.

काल दम लागला नेहमीपेक्षा जास्त.
तिसऱ्या वळणावर बसलो, बाभळीजवळ.
ती आता माझ्या गुडघ्याएवढी.
उतरून थैली बोबडेच्या काट्यावर ठेवली:
तेवीस किलो सहाशे.
तोंड सोडून पाहिलं. रेतीवर काळी माती,
थोडी थोडी, रोज मूठभर टाकलेली असावी,
मुळांचे बारीक धागे अजून ओले.

विचारलं.
इंदल वहीत आकडा लिहीत होता, मान वर केली नाही.
'वावर हाय,' म्हणाला.
'नेऊन पाह्य.'

मग शिट्टी.
दुसरी फेरी.