मोजणी

मंगळवारी वडगावात लाईट नसते.
नऊला माग थांबतात आणि कान दुखायला लागतात,
एवढी शांतता आम्हाला सोसत नाही.
मग सुताच्या पेटीवर टॉवेल टाकून पत्ते मांडतो.
पैसे नाहीत. रिकाम्या कांड्या लावतो.
हिरवी एकाची, तांबडी पाचाची,
जरीची पन्नासाची, ती कुणी लावत नाही.

खेळ भरमाण्णाच्या भाच्यानं आणला, हुबळीच्या हॉस्टेलातनं.
दोन पत्ते मुठीत, पाच मधी उघडे.
जोडीला तिर्रट भारी, तिर्रटीला ओळ,
ओळीला एकाच रंगाचे पाच.
एवढं एका मंगळवारात कळलं.
पुढचं पत्त्यांत नव्हतंच.

इनास मेस्त्री चांगलं पान आलं की
चहा गार होऊ देतो.
भरमाण्णा थाप मारताना ताठ बसतो,
मुलीच्या सासऱ्यापुढं बसतो तसा.
रुद्रप्पा मुठीतले पत्ते पुन्हा पुन्हा उघडतो.
बघून काय राजा उगवतोय व्हय?

मी हरत होतो, तोवर गप्प बसून ऐकलं.
मागावरचा माणूस आवाजावरनंच सांगतो
धागा कुठं तुटला.
बोली सगळे मराठीत लावतात : पाच, आणिक दहा, बघतो.
पण रुद्रप्पा अडकला की ओठ हलतात,
ऐद, हत्त, हदिनैद.
इनासचं कोंकणीत चालतं, छातीवर खूण करून.
थाप कुठल्याही भाषेत मारता येते,
तोटा मोजायला मात्र घरचीच लागते.

या एका गोष्टीवर मी महिनाभर जिंकलो.

काल हातात सत्ती आणि तिर्री, दोन रंगांची.
मी सगळ्या कांड्या पुढं ढकलल्या, जरीचीसुद्धा.
इनासनं पत्ते टाकले. भरमाण्णानं टाकले.
रुद्रप्पानं या खेपेला पत्ते बघितलेच नाहीत,
माझ्या तोंडाकडं बघितलं.
"मोजूलालास की रे."
"कोण? मी?"
"कन्नडात. तुझी आई ताणा लावताना मोजायची, तसंच."
आणि दुर्रीची जोडी हळूच पालथी केली.

आई बैलहोंगलची. मी शाळेत मराठी, बाजारात मराठी,
मोर्चात तर घसा बसेपर्यंत.

कांड्या त्याच्याकडं सरकवताना
किती होतात ते मोठ्यानं मोजायला लागलो, मुद्दाम.
तेवढ्यात लाईट आली,
चारी माग एकदम सुटले,
मला माझंच ऐकू आलं नाही.
रुद्रप्पाला आलं असावं.
तो मान हलवत होता.