उजवीकडचा समास

देवळाली कॅम्प, १९४९

बराक नंबर अकरा. इथे पूर्वी गोऱ्यांची खोगिरं असत,
दमट दिवशी अजून चामड्याचा वास सुटतो.
आता गोणपाटाचे पडदे, पडद्यामागे एकेक कुटुंब,
आणि शेवटच्या पडद्यामागे माझी शाळा:
सदतीस मुलं, एक फळा, खडू मोजून.

तोफखान्याचा सराव सुरू झाला
की पहिल्या आठवड्यात सगळी भिंतीला चिकटायची.
आता फक्त खेमी कान झाकते,
तोही एकच.
दुसऱ्या हाताने पाढे चालू.

होतू शिकारपूरहून चौथी शिकून आला,
मी त्याला पहिलीत बसवलाय.
पाटीच्या उजव्या कडेपासून सुरू करतो,
'कमल' लिहितो, मला 'लमक' दिसतं.
पंधरा दिवस त्याचा हात धरून डावीकडे नेला.
तो म्हणाला, मास्तर, आमच्याकडे ओळ इथून निघते.
मग त्याच्या वहीत मी समास उजवीकडे आखून दिला.
साहेब तपासणीला आले तर सांगेन,
पट्टी उलटी धरली गेली.

आणि ळ.
बाल, फल, काला, देवलाली.
जीभ वळवा, टाळूला उलटी टेकवा, मी करून दाखवतो.
सदतीस जिभा वळतात
आणि सदतीस ल जमिनीवर पडतात.
वर्ग हसतो, मीही.
गोणपाटापलीकडे कुणाची तरी अमां
पीठ मळता मळता हळूच म्हणून बघते, ळ.
तिला जमतो.

शुक्रवारी निबंध दिला: मी मोठेपणी कोण होणार.

टिल्लूला शिट्टीवाला व्हायचंय,
रॉकेलच्या रांगेपाशी असतो तो.
'त्याने शिट्टी मारली की डॉक्टरसुद्धा सरळ उभा राहतो.'
डॉक्टर म्हणजे टिल्लूचे वडील.
सध्या नाशिक रोडला लिमलेटच्या गोळ्या विकतात.

पारपतीला दार हवंय.
कोण होणार विचारलं होतं, तिने लिहिलं दार.
लाकडाचं, कडीचं.
बाहेरून कुणी वाजवलं तर आतून विचारायचं, कोण?
पडद्याला लोक विचारत नाहीत, थेट आत येतात,
आणि तेव्हा बहीण अंघोळ करत असते.

जेठोला तोफ नको,
गोळा कुठे पडतो ते गाव हवंय.
आदल्या दिवशी जाऊन सांगून यायचं म्हणतो,
पाणी भरून ठेवा, म्हशी सोडा, आजीला उठवा.
मी सांगितलं, तिकडे गाव नाही रे, नुसतं माळरान आहे.
त्याने विचारलं, कधीपासून?

खेमी दारणेत पल्ला मासा सोडणार.
आजोबा सांगतात, पल्ला धारेविरुद्ध पोहतो,
पीराच्या पायाशी जाऊन मगच वळतो.
'आधी दारणा कुठून येते ते बघीन,
मग पल्ल्याला पत्ता देईन.'
मी लाल शाईने लिहिलं: दारणा तेवढी खोल नाही.
मग ते इतकं खोडलं
की कागद फाटला.

होतूची एकच ओळ, उजव्या समासाला खेटून:
मला पाचवीत जायचं आहे.

कंदिलाशी बसून गुण दिले.
दारासाठी दहापैकी किती, हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं.
शुद्धलेखनाचे कापले. तेवढंच मला येतं.

चैत्रात याद्या लागल्या.
बराक नंबर नऊ ते चौदा, कल्याण.
कुठे नळ आहेत, कुठे घर बांधायला पत्रे देतात,
एवढीच बोलणी दिवसभर.
पारपती विचारून गेली, तिकडे सुतार असतो का.
मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं.

ट्रकच्या फळीवर होतू उभा होता, वही सदऱ्यात खोचून.
ओरडला, मास्तर, मी परत येईन, देवलालीला येईन!
आणि मी, काय सांगू माझ्या सवयीला,
तिथूनच ओरडलो:
ळ, होतू, ळ!

ट्रक लॅम रोडच्या वळणाला लागेपर्यंत
तो मान वर करून, तोंड उघडून
काहीतरी म्हणताना दिसत होता.
ऐकू आलं नाही.
सराव सुरू झाला होता.