रकाना: रंग

सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीच्या पुलाअलीकडे
ताडपत्रीखाली लॅपटॉप मांडून बसलोय.
डिसेंबरचं ऊन. बॅटरी छत्तीस टक्के.
घोड्यांच्या नोंदी माझ्याकडे,
आणि रंगांचा मी एनम केलाय:
अबलख शून्य, कुमैत एक, नुकरा दोन, काळा तीन.
यादी बंद. पाचवा आला तर एरर.

झुलाल तात्या दोंडाईच्याहून घोडी घेऊन आले.
नाव काजळ.
अंगभर राख, आयाळीत अजून थोडी रात्र.
"रंग?"
"जलमनी तवय कायी व्हती.
आते राखी शे. आखो चार सालमा धवयी व्हई.
तू काय लिखशी, भाऊ?"

चहा आला, गार झाला.
मग एनम खोडून रंगाचा क्लास केला:
आत जन्मतारीख, आईचा रंग,
आणि एक मेथड, जी वय बघून उत्तर देते.
आकड्याची वस्तू करणं सोपं गेलं.
सकाळच्या एकशेबारा नोंदी मिनिटात उभ्या राहिल्या,
नुसते सांगाडे;
आत तारीख नाही, आई नाही.

अडलं ते परतीच्या वाटेवर.
पावतीच्या छापील कागदावर
रंगाला एकाच अंकाची जागा.
अख्खी काजळ त्यात कोंबायची,
आजच्या दिवसाला जवळचा कोणता ते बघून.

दोन छापलं.
तात्यांनी पावतीची घडी मुंडाशात खोचली,
वाचली नाही.
घोडीला हाक मारली
तिच्या जुन्या रंगानं.
तिनं कान टवकारले.