चालु

अक्कलकोट रोडला आमची शेड. मधोमध हजार लिटरचा हंडा,
पोटात साबणाचं पाणी, काटा पंच्याहत्तरवर.
बाहेर मे महिना.

वर दोन टाक्या.
स्टायरीन ताठ, एकट्याची साखळी केली तर वाकवताच मोडते.
ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट मऊ, एकट्याची केली तर बोट सोडत नाही.
आम्हाला हवा सोलापुरी टॉवेलवरच्या छापाचा डिंक,
पिळला तरी न फुटणारा,
घडीत घडीला न धरणारा.

मल्लेशम दासरी परसल्फेट सोडतो.
ते तापून दुभंगतं, तुकड्याच्या टोकाशी
एक इलेक्ट्रॉन, जोडीवाचून.
समोर येईल त्याचा दुहेरी बंध तो उघडतो,
जोडला जातो,
आणि एकटेपण सरकतं नव्या टोकाकडे.
मागे हजार जण बसलेत, टोकाला त्यांची आठवण नाही.
शेवटी आलेला ठरवतो, आता कोण.

गोम इथंच आहे.
टोकाशी स्टायरीन असो की ब्युटाइल,
दोघांनाही पुढे स्टायरीनच जास्त भावतं.
सगळं एकदम ओतलं
की स्टायरीन आधी उडतं,
मागून येणाऱ्या साखळ्यांच्या वाट्याला नुसता चिकटा.
म्हणून थेंबथेंब, चार तास,
हंड्याला जरा उपाशीच ठेवून.
पडेल ते निमूट खातो मग, पडेल त्या प्रमाणात.

मल्लेशमची वाक्यंही तशीच.
"अन्नं तिन्नावा, का डबाच नाही आणला मॅडम?"
तेलुगूत निघतात, मराठीत पोचतात.
कुठं वळायचं ते
तोंडातला शेवटचा शब्द ठरवतो.

बुधवारी व्हॉल्व्हवर नवा पोरगा,
मोहोळचा सुधन्वा थिटे.
मल्लेशम खालून ओरडला, "चालु! चालु!"
म्हणजे पुरे.
सुधन्वानं ऐकलं, चालू.
आणि दोन्ही टाक्या मोकळ्या सोडल्या.

काटा ऐंशी. अठ्ठ्याऐंशी.
जॅकेटला गार पाणी,
तिघांचे सहा हात एका चाकावर,
कोण कुठल्या भाषेत शिव्या देत होतं, देव जाणे.

वाचलं सगळं, एक बॅच सोडून.
काचेवर ओढून वाळवली, तर फिल्म धुरकट,
इथं तडकलेली, इथं माशी बसली तर उठू नये अशी.
वहीत मात्र हिशेब बरोबर:
दोन्ही माल पुरेपूर पडलेला.
एकमेकांत गेला नव्हता, एवढंच.

संध्याकाळी पायरीवर चहा.
सुधन्वा कप न उचलताच विचारतो,
"मग साखळी थांबते कशी, काका?"
"दोन एकटी टोकं भिडली की."
"म्हंजे लग्नच."
मल्लेशम हसतो, खोकतो,
हातांच्या कातडीवर वाळलेला डिंक
नखानं सोलत राहतो.

सुधन्वा पुन्हा किटली वाकवतो.
मल्लेशम कपावर आडवा तळवा धरतो.
"चालु."

किटली हवेतच थांबते.
सुधन्वा माझ्याकडे बघतो.
"मॅडम, तुम्हाला?"